चार बरण्यांचा पोळा

पोळ्याच्या आदल्या दिवशी हिंगोलीच्या बसस्थानकावर जी झुंबड असते, तिच्यात मांडीवर थर्माकोलचा डबा घेऊन बसायला जागा मिळणं म्हणजे पूर्वपुण्याईच. प्रतिक्षाला जागा मिळाली, पण खिडकीची नाही, मधली. एका बाजूला एक म्हातारबा होते, त्यांच्या पिशवीतून गोंडे आणि घुंगरमाळा उतू चालल्या होत्या. दुसऱ्या बाजूला पुसेगावचीच पारुबाई होती. दुसऱ्याच्या डब्यात काय आहे ते कळल्याशिवाय पारुबाईला घास गिळवत नसे.

"काय हाय गं यात? लोणचं?"

"न्हाई मावशी. जीव हायेत. पाण्यातले. नुसत्या डोळ्यानं दिसत न्हाईत असे."

पारुबाईनं डब्याकडे नीट पाहून घेतलं. "दिसत न्हाईत तं बरंच हाय. कंडक्टर तिकीट मागायचा न्हाई."

म्हातारबा खो खो हसले, त्यांच्याबरोबर पिशवीतले घुंगरूही हसले, आणि पुसेगाव येईपर्यंत अर्ध्या बसला कळलं होतं की रामकिशनची पोरगी न दिसणारी जनावरं घेऊन सणाला घरी चालली आहे.

तसं ते खोटंही नव्हतं. डब्यात चार काचेच्या बरण्या होत्या, कापसाचे बोळे घालून वरून घट्ट फडकं बांधलेल्या, आणि बरण्यांत पॅरामेशियम होते. शाळेच्या पुस्तकात चपलेच्या आकाराचं एक चित्र असतं, कडेला बारीक केस काढलेलं, तोच हा जीव. सगळा देह मिळून एकच पेशी. त्या पेशीच्या मधोमध केंद्रक. घरात जशी एक कर्ती बाई असते आणि खाणं, वाढणं, दुखणं-खुपणं सगळं तिच्या हुकमानं चालतं, तसं या जीवात केंद्रक. पिकावर फवारलेलं औषध ओढ्यानाल्यांतून पाण्यात उतरलं की या कर्त्या बाईचं काय होतं, हा प्रतिक्षाचा पीएचडीचा विषय. हिंगोलीच्या एका कॉलेजात सोमेश्वर सरांच्या हाताखाली ती हे काम करत होती. काम सुरू केलं तेव्हा सिद्धेश्वर धरणाच्या फुगवट्यातून तिनं एकच जीव वेगळा काढला होता. तिच्याजवळचे बाकीचे लाखो म्हणजे त्या एकाचंच गोत. शेपटाकडच्या टोकाला एक बारीक खाच, ही त्या घराण्याची खूण. गर्दीत आपला माणूस चालीवरून ओळखावा तसे तिला ते ओळखू येत.

ते घराणं आता एवढंच उरलं होतं. गेल्या आठवड्यात कुणीतरी चांगल्या मनानं प्रयोगशाळेत डासांचं औषध फवारलं आणि मांडणीवरच्या झाडून सगळ्या बरण्या गेल्या. कपाटात बंद होत्या म्हणून या चार वाचल्या. दोन स्वच्छ पाण्याच्या, दोन औषध घातलेल्या. याही गेल्या असत्या तर पुन्हा धरणाच्या काठाला जाऊन नवा मूळपुरुष शोधणं आलं, आणि तीन वर्षांच्या कामावर बोळा फिरला असता. पोळ्याच्या सुट्टीत कॉलेजला कुलूप लागणार, म्हणून सरांनीच सांगितलं होतं, "घरी घेऊन जा, लेकरासारखे सांभाळा, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर आणून ठेवा." कॉलेजातला जुना, आरशावर उजेड घेणारा सूक्ष्मदर्शकही त्यांनी सोबत दिला. तो प्रतिक्षाच्या खांद्याला लटकून तिचा खांदा उतरवत होता.

घरी आल्यावर तिनं आधी मधल्या खोलीतल्या खिडकीजवळचं टेबल अडवलं, चारी बरण्या ओळीनं मांडल्या आणि औषधाच्या बरणीतला एक थेंब काचपट्टीवर घेतला. वर हिरव्या रंगाचा थेंब सोडला. हा रंग बाकी कशाला फारसा लागत नाही, केंद्रकालाच धरतो. धडधाकट जीवात ते घेवड्याच्या दाण्यासारखं, गोलसर, एका अंगाला किंचित पोक आलेलं दिसतं. इथं त्या दाण्याच्या चिंधड्या झाल्या होत्या. कुणात चार तुकडे, कुणात सात-आठ, देहभर विखुरलेले. स्वच्छ बरणीतले मात्र सगळे अखंड. म्हणजे प्रयोग अगदी हवा तसा चालला होता. प्रतिक्षाला बरं वाटलं आणि लगेच थोडं वाईटही वाटलं. हे दोन्ही तिला रोज वाटायचं.

"दिसले का गं तुझे पाव्हणे?" गोजरबाई, तिची आई, पुरणाची डाळ निवडत दारात आली. एरवी मुलीच्या शिक्षणाबद्दल ती दोनच गोष्टी विचारायची: कधी संपतंय, आणि संपल्यावर लग्न करशील ना. आज तिला तिसरा प्रश्न सुचला. "हे खातेत काय?"

"कडब्याचं पाणी. ज्वारीचा कडबा उकळून ठेवायचा, त्यात जंतू होतात, ते हे खातात."

गोजरबाईनं मधले जंतू सोडून दिले. "म्हंजी कडबाच की."

"हं, कडबाच म्हण."

"अन् काम?"

"काम माझं करून राहिलेत." प्रतिक्षा हसत म्हणाली. "माझ्या पीएचडीचा गाडा हेच ओढून राहिलेत, आई. मी नुसती मागं बसलेय."

एवढंच बोलली ती. पण समोर आई कोण होती, हे ती विसरली. गोजरबाईच्या हिशेबात जग दोन भागांत वाटलेलं होतं: एक, कडबा खाऊन काम करणारे आणि दुसरे, नुसते खाणारे. पहिल्यांचा मान ती कधी चुकवत नसे.

दिवस मावळायच्या वेळी अंगणात खांदमळणी झाली. चांद्या आणि गुलब्या, घरची बैलजोडी, ओढ्यावरून धुऊन आणलेली, लख्ख दिसत होती. रामकिशननं पळसाच्या पानानं लोणी-हळद घेऊन दोघांच्या खांद्यांवर चोळली. वर्षभर जू बसतं तिथली कातडी निबर झालेली असते. हळद लागताच चांद्यानं डोळे मिटून घेतले. मग गोजरबाईनं दोघांच्या कानाशी जाऊन रीतीप्रमाणे निमंत्रण दिलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवाया या." लहानपणापासून प्रतिक्षा हे ऐकत आली होती. कामकऱ्याला घरी जेवायला बोलवायचं, तेही अदबीनं, आदल्या दिवशी, हे तिला फार आवडायचं.

मग आई पळसाचं पान घेऊन थेट मधल्या खोलीत शिरली.

"आई! अगं, हात नको लावूस!"

"हात कुठं लावून राहिले, पान लावून राहिले. यांचा खांदा कुठं हाय?"

दारात उभी असलेली शिवकन्या, प्रतिक्षाची वहिनी, पदर तोंडाला लावून हसत होती. "आत्याबाई, बरणीला कुठला खांदा?"

"गळ्याखाली काय असतंय मंग?" गोजरबाईनं बिनतोड विचारलं आणि चारी बरण्यांच्या गळ्याखाली, बाहेरून, हळद-लोण्याचा एकेक पट्टा ओढला. बोळा, फडकं सगळं जागच्या जागी होतं, आत काही जाण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून प्रतिक्षानंही मग हरकत घेतली नाही. तिला हसू आवरेना. शिवकन्येनं प्रत्येक बरणीला लाल गोंडा बांधला. गोजरबाई बरण्यांशी हात नेऊन वाकली आणि खरोखरीच्या अदबीनं म्हणाली, "आज आवतण घ्या, उद्या जेवाया या."

"आवतण द्यायचं तं मनापासून द्या," रामकिशन ओसरीवरून बोलला. हा माणूस मोजकंच बोले. "थट्टेचं आवतण बी जनावर घेतं."

"मनापासूनच दिलं म्या," गोजरबाई म्हणाली.

त्याच वेळी प्रतिक्षाला दिसलं. स्वच्छ बरणीत हे जीव दाट झाले की पाण्यात पांढुरकी धूळ तरंगल्यासारखी दिसते. ती धूळ एरवी वरच्या थरात सारखी पसरलेली असायची. आत्ता ती एका बाजूला, आईच्या तळव्याच्या बाजूला, काचेला लागून उभी होती. तिनं दुसऱ्या बरणीकडे पाहिलं. तिथंही तेच.

"हाताची ऊब," ती शिवकन्येला म्हणाली. "ऊब लागली की सरकतात."

"शहाणे हायेत," शिवकन्या म्हणाली.

सकाळ उजाडली ती वेलची-जायफळाच्या वासानं. चुलीवर पुरण रटरटत होतं, माऊलीदादा, तिचा भाऊ, अंगणात बैलांची शिंगं हिंगुळानं रंगवत होता आणि रंग शिंगांपेक्षा त्याच्या शर्टावर जास्त बसत होता. प्रतिक्षानं चहा घेऊन सूक्ष्मदर्शक उजेडाला लावला. औषधाच्या बरणीतला थेंब, वर हिरवा थेंब, आणि डोळा लावला.

तुकडे होते. पण विखुरलेले नव्हते. प्रत्येक जीवात ते मध्यभागी आले होते, एकमेकांना खेटून, फुटलेलं मडकं कुणी हातानं जुळवत बसावं तसे. आणि प्रत्येकात, जिथं दाण्याला पोक असतं नेमक्या त्या अंगाला, एक पिवळा डाग होता.

तिला आधी स्वतःचाच राग आला. हळदीचं बोट लागलं असणार. तिनं हात साबणानं दोनदा धुतले, नवी काचपट्टी काढली, नवा ड्रॉपर घेतला, रंगाची बाटलीही तपासली. पुन्हा पाहिलं. पिवळा डाग. मग स्वच्छ बरणीतला थेंब घेतला. तिथं केंद्रकं अखंड, आणि प्रत्येकाच्या पोकावर तोच डाग.

हळद सांडली असती तर पाण्यात सगळीकडे दिसली असती. ही मोजून लावल्यासारखी होती.

"ताई, काय झालं? तोंड उतरलं तुमचं," शिवकन्या आत डोकावून म्हणाली.

"काही नाही. तूच बघ जरा."

शिवकन्येनं डोळा लावला, बराच वेळ लावून ठेवला. "अगं माय," ती कौतुकानं म्हणाली, "समद्यांचे खांदे मळून झाले की!" आणि पोळ्या लाटायला निघून गेली. प्रतिक्षा मात्र खुर्चीत बसूनच राहिली. अंगावर बारीक काटा आला होता, आणि गंमत म्हणजे आतून कुठंतरी छानही वाटत होतं. भीती आणि आनंद एकाच वेळी वाटू शकतात, हे तिला लहानपणी जत्रेतल्या पाळण्यात कळलं होतं. त्यानंतर आज कळलं.

मग तिनं बरण्या पाहिल्या. चारी बरण्यांतली पांढरी धूळ दाराच्या बाजूला होती. उजेड खिडकीकडून येत होता, चूल मागच्या अंगाला होती, दाराकडे ना ऊब ना उजेड. तिनं एक बरणी अर्धी फिरवली. धूळ हलली, पाण्यातून सावकाश निघाली आणि परत दाराच्या बाजूला येऊन काचेला टेकली. तिनं दुसरी फिरवली. तीही आली. बाहेर अंगणात चांद्यानं मान हलवली, घुंगरमाळ वाजली, आणि चारी बरण्यांतलं पाणी एकदम शहारलं.

दुपार कलल्यावर बैल पोळ्याला निघाले. मारुतीच्या देवळापुढं आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं, त्याच्याखाली गावची सगळी जनावरं झुली-बाशिंगं लेवून उभी. हलगी कडकडत होती. कुणीतरी ध्वनिक्षेपकावर बैलांच्या लग्नाची मंगलाष्टकं म्हणत होतं आणि दर कडव्याला चुकत होतं, गाव दर चुकीला जास्तच जोरानं अक्षता टाकत होतं. पारुबाईनं प्रतिक्षाला गर्दीतूनच हाक दिली, "तुझी जनावरं न्हाई आणलीस गं?" सगळे हसले. प्रतिक्षाही हसली. सगळं विसरून ती टाळ्या वाजवत राहिली. तोरण तुटलं, बैल उधळले, गुलाल उडाला, आणि जो तो आपापल्या जोडीमागं घराकडे पळाला.

दारात गोजरबाई आरती घेऊन उभी होती. बैलांचे पाय धुतले, कपाळाला कुंकू लावलं, आणि पुढं मोठी परात ठेवली. पुरणपोळ्या, त्यावर तुपाची धार, बाजूला कढी-भजी. "चांद्या, ये. गुलब्या, ये," गोजरबाईनं नावं घेऊन बोलावलं. मग आत वळून, तेवढ्याच मोठ्यानं, "प्रतिक्षाची जनावरं, या रे!"

"मी घेऊन येते त्यांना," प्रतिक्षा हसत म्हणाली आणि आत गेली.

बरण्यांतलं पाणी नितळ होतं.

तिनं एक बरणी उजेडात धरली. दुसरी धरली. पांढरी धूळ कुठंच नव्हती. घाईघाईनं थेंब घेऊन पाहिला, दुसरा पाहिला, तळाचा गाळ घेऊन पाहिला. जीव मेले तर त्यांची कलेवरं दिसतात, फुटलेली सालं दिसतात. इथं काहीच नव्हतं. नुसतं पाणी. बोळे जागेवर होते, फडक्यांच्या गाठी तिनंच मारलेल्या, जशाच्या तशा.

तीन वर्षं. ती टेबलाला धरून उभी राहिली आणि मग लहान पोरीसारखी हुंदका देऊन रडली. सिद्धेश्वरचा तो एक जीव, त्याची एवढी पोरंबाळं, आणि शेवटचं घराणं तिनं सणाच्या नादात घालवलं. सरांना काय सांगायचं, हे तिला सुचेना.

डोळे पुसायला मान खाली घातली तेव्हा तिला जमीन दिसली. सकाळीच सारवलेली, वाळून फिकट झालेली. तिच्यावर टेबलाच्या पायापासून एक ओला पट्टा निघाला होता, दोन बोटं रुंद. कडेला पिवळसर. तो पट्टा उंबऱ्यावरून ओसरीत गेला होता, ओसरीतून पायरी उतरून अंगणात.

ती पट्ट्याच्या कडेकडेनं चालत बाहेर आली.

अंगणात सगळे उभे होते. परात भरलेली होती आणि बैल खात नव्हते. सकाळपासून उपाशी असलेले, पुरणाच्या वासानं वेडे होणारे ते दोघं परातीच्या दोन बाजूंना सरकून उभे होते. मध्ये एका माणसाएवढी जागा मोकळी.

"कदी न्हाई ते आज खाऊन न्हाई राहिले," रामकिशन हलक्या आवाजात म्हणाला. "वाट देऊन राहिले कुणाला तरी."

ओला पट्टा त्या मोकळ्या जागेतून गेला होता आणि परातीच्या काठावर चढला होता.

प्रतिक्षा गुडघ्यावर बसली. मोकळ्या बाजूच्या पोळीचा काठ ओला होता आणि हळूहळू आत सरकत होता. मुंग्या लागल्या की काठ आत जातो, तसा. मुंगी एकही नव्हती. तिनं ओल्या काठाचा एक थेंब ड्रॉपरमध्ये ओढला, धावत आत गेली, काचेवर टाकला.

सगळे तिथंच होते.

दाटीवाटीनं, गरगरा फिरत, पोटं फुगलेली. शेपटाला खाच. तिनं रंग सोडला. प्रत्येकाचं केंद्रक अखंड होतं, घेवड्याच्या दाण्यासारखं, पोकावर पिवळं बोट. तुटलेलं एकही नाही. औषधाच्या बरणीतला कोण आणि स्वच्छ बरणीतला कोण, तिला ओळखता येईना.

"आहेत! आई, आहेत!" ती ओरडतच बाहेर आली. "बरणी द्या कुणीतरी, लवकर! ऊन हाय, वाळतील ते. बैलानं जीभ लावली तर संपलं सगळं!"

तिनं परातीला हात घातला, तर गोजरबाईनं तिचं मनगट धरलं. धरणं हळू होतं, पण सुटणारं नव्हतं.

"जेवणावरून उठवू नये कुणाला," ती म्हणाली. "आवतण दिलंय आपण."

"आई, माझं सगळं त्याच्यात हाय गं."

"म्हणून तं."

प्रतिक्षानं वडिलांकडे पाहिलं. रामकिशननं नुसती मान हलवली. शेवटी तीही आईच्या शेजारी पायरीवर बसली, नजर परातीवर. ऊन पत्र्यावरून खाली उतरत होतं. पोळीचा काठ आत चालला होता. चांद्याच्या नाकातून श्वास यायचा तेव्हा तुपावर बारीक सुरकुती उठायची, पण तोंड त्यानं पुढं केलं नाही. शिवकन्येनं न सांगता आणखी एक पोळी आणून मोकळ्या बाजूला वाढली आणि आग्रह करावा तशी हलकेच म्हणाली, "लाजू नका." प्रतिक्षाला एकदम हसू फुटलं. डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू. माऊलीदादा हसला, गोजरबाई हसली, आणि ते चमत्कारिक जेवण बघत सगळं घर पायऱ्यांवर मांडीला मांडी लावून बसलं. इतकं सुख तिला त्या अंगणात कधी वाटलं नव्हतं.

मग पोळीचा काठ थांबला.

चांद्यानं मान खाली घातली आणि खायला सुरुवात केली. गुलब्यानंही.

प्रतिक्षा आत धावली. सारवलेल्या जमिनीवर आता दोन ओले पट्टे होते, एक जाण्याचा, दुसरा येण्याचा. बरण्यांत पांढरी धूळ पूर्वीपेक्षा दाट होती. बोळे जागेवर, गाठी जागेवर, गोंडे जागेवर.

दुसऱ्या दिवशी हिंगोलीला जाताना डबा तिनं दोन्ही हातांनी धरला होता. सोबत सरांसाठी पुरणपोळ्याही होत्या. प्रयोगशाळेत सोमेश्वर सरांनी आधी पोळी खाल्ली, मग काचपट्ट्या पाहिल्या आणि चष्मा काढून पुसला.

"औषध दिलेल्यांची केंद्रकं अखंड?"

"हो सर."

"तुकडे जुळले म्हणता?"

"मी पाहिलंय सर. माझ्या डोळ्यांनी."

सर खूश झाले होते. हे मिळालं तर मोठीच गोष्ट होती, तिच्या कामाचं सोनं होणार होतं. बरण्यांना हळद लावल्याचं तिनं सांगितलं होतं; तिचाच काही गुण असेल, ते म्हणाले, नीट तपासू. पण शास्त्र म्हटलं की एकदा दिसलं ते पुरत नाही, पुन्हा दिसावं लागतं. "आत्ता, माझ्यासमोर, याच जिवांना पुन्हा औषध द्या. आज फुटतात का बघू, आणि उद्या जुळतात का बघू."

प्रतिक्षानं काचेवर मोठा थेंब घेतला. आत जीव मनसोक्त हुंदडत होते, एकमेकांना धडकत, गिरक्या घेत. तिनं औषधाची बाटली उघडली, ड्रॉपर भरला आणि थेंबाच्या काठाशी आणला. हे औषध नुसतं जवळ आलं तरी पॅरामेशियम उलटे फिरून पळतात. कुठलाही पळतो. ते ती हजारदा पाहत आली होती.

आज पळाला नाही कुणी.

हुंदडणं थांबलं. मग एक जीव निघाला आणि ड्रॉपरकडे आला. त्याच्या बाजूला दुसरा. त्यांच्या मागं दोन. त्यांच्या मागं दोन.

"पळतायत ना?" सरांनी विचारलं.

"नाही सर."

सरांनी डोळा लावला. आवाज आला तेव्हा तो जरा वेगळाच होता.

"जोडीजोडीनं काहून उभे हायेत हे?"

प्रतिक्षानं पुन्हा पाहिलं. रांग थेंबाच्या दुसऱ्या काठापर्यंत गेली होती. दोन-दोन, दोन-दोन, शेजारी शेजारी, मध्ये सारखंच अंतर. अंगावरचे केस बारीक हलत होते, बाकी सगळं स्थिर. आणि जू घ्यायला बैल मान घालतो तसं सगळ्यांनी आपलं पुढचं टोक खाली घातलं होतं.

"टाका थेंब," सर पुटपुटले, पण त्यात जोर नव्हता.

प्रतिक्षानं ड्रॉपर मागं घेतला. बाटलीत ठेवला, झाकण घट्ट लावलं, बाटली कपाटात टाकून कपाटाला कडी घातली. मग पुन्हा डोळा लावला.

मान कुणीच वर केली नव्हती.